घरांतील विजेचें मोजमाप

विहिरीवरील पंप किती तास चालला, तेवढ्यांत किती एकर भिजलें आणि एंजिनाला तेल किती लागलें, याचा हिशेब आपल्याकडील जाणत्या शेतकऱ्यांस तोंडपाठ असतो. परंतु घरांतील विजेचें बिल हातीं पडलें म्हणजे तोच शेतकरी गोंधळून जातो. आंकडा मोठा दिसला कीं कोणी मुलांच्या पंख्यास दोष देतो, कोणी मिक्सरास, आणि कोणी मीटरच जोरानें पळतो असें म्हणून मोकळा होतो. यांपैकीं कोणाच्याहि म्हणण्यास मापाचा आधार नसतो. दोष अंदाजानें आणि काटकसरहि अंदाजानेंच! परिणाम असा होतो कीं, जें यंत्र थोडें खातें तें बंद होतें आणि जें पुष्कळ खातें तें सुटतें.

महाराष्ट्रांत मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखालीं एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज देण्याचें ठरलें असून ही सवलत पांच वर्षांसाठीं जाहीर झालेली आहे. घराच्या मीटरास मात्र ती नाहीं. तेथें प्रत्येक युनिटाचे पैसे द्यावे लागतात, आणि वापर वाढेल तसा दरहि चढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढें चौथा, अशी घरगुती दरांची चढण आहे. चढा दर त्या त्या टप्प्यांतील युनिटांसच लागतो. म्हणून आपण जें युनिट वांचवितों तें नेहमीं वरच्या, म्हणजे महाग टप्प्यांतून वजा होतें. तेव्हां घरांतील कोणतें यंत्र महिन्याकाठीं किती वीज घेतें हें मोजून पाहणें फायद्याचें आहे. हें मोजमाप कसें करावें तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

वॅट आणि युनिट

यंत्रावर वॅटचा आंकडा असतो आणि बिलावर युनिटांचा. हे दोन आंकडे एका जातीचे नव्हेत. कालव्यावरील बागाइतदारांस हा भेद समजणें सोपें आहे. पाटांतून पाणी किती वेगानें वाहत आहे तें आपण क्युसेकनें सांगतों, आणि शेतांत एकंदर किती पाणी गेलें तें घनफुटांनीं. एक क्युसेकचा पाट तासभर चालला तर ३,६०० घनफूट पाणी येतें. तोच दिवसरात्र चालला तर ८६,४०० घनफूट. पाट तोच, पण पाणी चोवीसपट. वॅट हा वीज ओढण्याचा वेग होय, आणि युनिट हें एकंदर खर्च झालेल्या विजेचें माप होय.

१,००० वॅटचें यंत्र एक तास चाललें म्हणजे एक युनिट होतें. १०० वॅटचा दिवा दहा तास जळला तरी एक युनिट, आणि १० वॅटचें यंत्र शंभर तास चालू राहिलें तरी एकच युनिट. हिशेब असा कीं, वॅटांस तासांनीं गुणावें आणि १,००० नें भागावें. मोटरीवर वॅटऐवजीं अश्वशक्ति लिहिलेली असल्यास एक अश्वशक्तीस ७४६ वॅट धरावे. मात्र ही मोटरीनें दिलेली शक्ति झाली. तारेंतून ती याहून अधिक वीज घेते, कारण कांहीं भाग तिच्या पोटांत उष्णतेच्या रूपानें वायां जातो.

मीटर काय मोजतो

एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्क शहरांत वीज विकण्यास आरंभ केला, त्या काळचें मोजण्याचें साधन ओबडधोबड होतें. द्रवांत बुडविलेल्या जस्ताच्या पत्र्यांतून विजेचा लहानसा अंश नेत, आणि पत्र्यांचें वजन किती बदललें तें पाहून आकारणी करीत. पुढें इटलींतील गॅलिलिओ फेरारिस यांनीं १८८५ सालीं फिरत्या चुंबकक्षेत्राचें तत्त्व दाखविलें, आणि हंगेरींतील ओटो ब्लाथी यांनीं १८८९ सालीं तबकडी फिरविणारा मीटर सिद्ध केला. आपल्या घरांतील जुने तबकडीचे काळे मीटर याच घराण्यांतले.

हल्लींच्या मीटरांत तबकडी नसते. तेथें एक लहान तांबडा दिवा लुकलुकतो. पूर्वीं तबकडीचा एक फेरा जें सांगत असे तेंच आतां एक लुकलुक सांगते. किती लुकलुकींस एक युनिट होतें तें मीटरच्या तोंडावर छापलेलें असतें. बऱ्याच मीटरांवर ३,२०० हा आंकडा आढळतो, कांहींवर निराळा. आपल्या मीटरवरील आंकडा प्रथम पाहून वहींत लिहून ठेवावा. पुढील सर्व मोजणी त्यावर अवलंबून आहे.

मोजण्याच्या तीन रीती

पहिली रीत पाटीवरून हिशेब करण्याची. यंत्राच्या पाठीवर किंवा बुडाशीं जी पाटी असते तिच्यावरील वॅट घेऊन त्यांस तासांनीं गुणावें. दिवा, पंखा, पाणी तापविण्याचा कांब यांसारख्या, चालू असेपर्यंत एकाच वेगानें वीज घेणाऱ्या यंत्रांस ही रीत पुरेशी आहे. परंतु फ्रीज, इस्तरी, कपडे धुण्याचें यंत्र हीं मधून मधून आपोआप बंद होतात व पुन्हां सुरू होतात. त्यांची पाटी जास्तींत जास्त ओढ सांगते, दिवसाचा खर्च सांगत नाहीं.

दुसरी रीत भिंतीवरील मीटर वापरण्याची. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, असें पुष्कळांचें होतें; विजेचें उत्तम माप दारांतच टांगलेलें असतां तें कोणी पाहत नाहीं. ज्या यंत्राची परीक्षा करावयाची तें सोडून घरांतील इतर सर्व बटनें बंद करावींत. मग यंत्र सुरू करून घड्याळ हातीं घ्यावें. एका लुकलुकीच्या क्षणीं घड्याळ सुरू करावें व ती लुकलुक मोजूं नये. त्यापुढील दहावी लुकलुक होतांच घड्याळ थांबवावें. मीटर ३,२०० चा असल्यास १,१२५ ला लुकलुकींच्या संख्येनें गुणावें आणि सेकंदांनीं भागावें. उत्तर वॅटांत येतें. उदाहरणार्थ, दहा लुकलुकींस ७५ सेकंद लागले तर ११,२५० भागिले ७५, म्हणजे १५० वॅट. मीटरवरील आंकडा निराळा असल्यास १,१२५ च्या जागीं ३६,००,००० ला त्या आंकड्यानें भागून येणारी संख्या घ्यावी. तबकडीच्या मीटरास लुकलुकींऐवजीं फेरे मोजावे. ६०० फेऱ्यांस एक युनिट असणाऱ्या मीटरची तबकडी मिनिटांत एक फेरा घेत असेल तर घरांत १०० वॅट चालू आहेत असें समजावें.

एकत्र कुटुंबांत सर्व घर बंद करणें कठीण जातें. तेथें आधीं चालू असलेल्या यंत्रांसकट मोजावें, मग परीक्षेचें यंत्र सुरू करून पुन्हां मोजावें; दोहोंची वजाबाकी म्हणजे त्या यंत्राचे वॅट. दोन मोजण्यांच्या मध्यें फ्रीज आपोआप सुरू वा बंद झाला तर उत्तर चुकेल, एवढें ध्यानांत ठेवावें.

तिसरी रीत सॉकेटांत बसणाऱ्या वॅटमापकाची. हें लहान साधन भिंतीवरील सॉकेट आणि यंत्राचा प्लग यांच्यामध्यें बसतें आणि वॅट व एकंदर युनिटें दोन्ही दाखवितें. फ्रीज, टी. व्ही., सेट-टॉप बॉक्स यांस ही रीत सर्वांत सोयीची. मात्र ६ अँपियरच्या मापकावर गीझरासारखें १६ अँपियरचें यंत्र कधींहि लावूं नये. मापक जळेल आणि आगीचें भय राहील. एकट्यानें असा मापक विकत घेण्यापेक्षां सोसायटीनें एक घ्यावा आणि तो सभासदांच्या घरीं आठ-आठ दिवस आळीपाळीनें फिरवावा, हें आम्हांस अधिक बरें वाटतें. तारमिस्त्र्याजवळ असणारा चिमट्याचा मापक केवळ अँपियर दाखवितो. अँपियरांस व्होल्टांनीं गुणिल्यास मोटरीच्या बाबतींत खऱ्या खर्चाहून मोठा आंकडा येतो. तो बिलाशीं ताडून पाहूं नये.

मापानें काय दिसतें

वर सांगितलेल्या हिशेबानें ३० दिवसांच्या महिन्याचीं कांहीं उदाहरणें खालीं देत आहों. वॅट व तास आम्हीं नमुन्यादाखल धरले आहेत. वाचकांनीं आपल्या घरचे आंकडे घालून पाहावे.

गोठ्यांतील ६० वॅटचा तारेचा दिवा, रोज १० तास: १८ युनिटें.
त्याच जागीं ९ वॅटचा एल. ई. डी. दिवा, रोज १० तास: २.७ युनिटें.
७५ वॅटचा साधा छताचा पंखा, रोज १२ तास: २७ युनिटें.
३० वॅटचा, बाजारांत बीएलडीसी म्हणतात तो पंखा, रोज १२ तास: १०.८ युनिटें.
७५० वॅटचा मिक्सर, रोज १० मिनिटें: ३.७५ युनिटें.
१० वॅटचा सेट-टॉप बॉक्स, दिवसरात्र चालू: ७.२ युनिटें.
टांकी भरणारी, तारेंतून १,००० वॅट घेणारी मोटर, रोज अर्धा तास: १५ युनिटें.

या कोष्टकावरून सहज दिसून येईल कीं, मोठा आवाज करणारें यंत्र फार वीज खातें हा समज खरा नव्हे. मिक्सर सर्व घर दणाणून सोडतो, पण त्याचें काम दहा मिनिटांत आटोपतें. सेट-टॉप बॉक्स कोपऱ्यांत मुकाट बसलेला असतो आणि मिक्सराच्या जवळजवळ दुप्पट वीज घेतो, कारण तो चोवीस तास जागा असतो. दूरनियंत्रकानें टी. व्ही. बंद केला म्हणजे सर्व बंद झालें असें आपण मानतों. परंतु पुष्कळ सेट-टॉप बॉक्स त्या स्थितींतहि चालू असतांना घेतात जवळजवळ तितकीच वीज घेत राहतात. थेंबे थेंबे तळें साचे, ही म्हण येथें उलट्या अर्थानें लागू पडते. भिंतीवरील बटन बंद करणें हाच यावर उपाय.

पंख्याविषयीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या मोठ्या खोक्याच्या रेग्युलेटरनें पंखा हळू केला तरी विजेची बचत फारशी होत नाहीं. पंख्यास न मिळालेली बरीचशी वीज रेग्युलेटरांतच उष्णता होऊन जाते. हातानें स्पर्श करून पाहिल्यास तो गरम लागतो तो यामुळेंच. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरांत हा दोष नाहीं.

पाणी तापविण्याचा खर्च

ज्या घरांत गीझर अथवा कांब आहे त्या घरांतील बिलाचा मोठा वांटा तेथेंच जातो. याचें कारण यंत्रांत नसून पाण्यांत आहे. एक युनिट विजेपासून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. आणि एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास एक किलोकॅलरी लागते. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवावयाची तर ३०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारें ०.३५ युनिट लागणारच. घरांत सहा माणसें असतील तर रोज २.१ युनिटें आणि महिन्यास ६३ युनिटें झालीं. शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्यांतील निम्म्याहून अधिक वीज केवळ आंघोळींत गेली!

हा आंकडा कोणत्याहि चांगल्या गीझरनें खालीं येणार नाहीं. गीझरवरील ताऱ्यांची संख्या ही तापलेलें पाणी तसेंच ठेवलें असतां किती उष्णता निसटते एवढेंच सांगते. म्हणून पाणी तापवून तासन्‌तास ठेवूं नये, लागेल तेव्हांच तापवावें. खरी बचत हवी असेल तर उष्णता दुसरीकडून आणली पाहिजे. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या असें जळण घरचें असेल तेथें अंगणांतील बंब अद्यापहि हिशेबांत बसतो. आणि छपरावर ऊन भरपूर असेल तेथें सूर्याच्या उष्णतेवर चालणारा बंब कांहीं वर्षांत आपली किंमत भरून काढतो किंवा नाहीं, हें वरील ६३ युनिटांस आपल्या बिलांतील वरच्या टप्प्याच्या दरानें गुणून पाहतां येईल.

फ्रीजची परीक्षा

फ्रीजची मोजणी पांच-दहा मिनिटांत होत नाहीं. त्याचा कॉम्प्रेसर कांहीं वेळ चालतो, कांहीं वेळ थांबतो. उन्हाळ्यांत अधिक चालतो, हिंवाळ्यांत कमी. त्यास वॅटमापक लावून पुरे चोवीस तास, शक्य तर आठवडाभर ठेवावा. मिळालेल्या दिवसाच्या सरासरीस ३६५ नें गुणून तो आंकडा फ्रीजवरील लेबलाशीं ताडून पाहावा. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालीं झाला आणि त्याखालीं २००२ मध्यें ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन होऊन २००६ पासून अशीं ताऱ्यांचीं लेबलें निघूं लागलीं. फ्रीजच्या लेबलावर ताऱ्यांबरोबर वर्षाचीं युनिटेंहि दिलेलीं असतात. ताऱ्यांची कसोटी वेळोवेळीं कडक होत असल्यामुळें जुन्या लेबलाचे पांच तारे आणि नव्या लेबलाचे पांच तारे सारखे नव्हेत. विकत घेतांना तारे न मोजतां युनिटें वाचावींत. जुन्या फ्रीजचें माप लेबलाच्या फार पुढें गेलेलें आढळल्यास दाराचें रबर सैल झालें आहे काय, आणि पाठ भिंतीस टेकून गरम हवा कोंडली आहे काय, हें प्रथम पाहावें.

दोन गैरसमज

खेड्यांत दाब कमी असतो म्हणून बिल कमी येतें, असें कांहीं लोक म्हणतात. तापविणाऱ्या यंत्रांची ओढ दाबाच्या वर्गाप्रमाणें बदलते. २३० व्होल्टांवर २,००० वॅट घेणारा गीझर २०० व्होल्टांवर सुमारें १,५०० वॅटच घेईल. पण पाण्यास लागणारी उष्णता तितकीच असल्यामुळें तो तितका अधिक वेळ चालेल आणि युनिटें जवळजवळ तेवढींच होतील. मोटरीचें तर उलट आहे. दाब उतरला म्हणजे तेंच काम करण्यासाठीं ती अधिक अँपियर ओढते, तापते आणि जळण्याचा संभव वाढतो.

दुसरा गैरसमज वीज वांचविणाऱ्या डब्यांचा. सॉकेटांत लावतांच बिल तिसऱ्या हिश्शानें उतरेल अशा जाहिरातीचे लहान डबे आठवडी बाजारांत विकावयास येतात. त्यांत बहुधा एक कपॅसिटर असतो. कपॅसिटर तारेंतील अँपियर कमी करूं शकतो, आणि विक्रेता चिमट्याच्या मापकावर तेंच दाखवितो. परंतु घरगुती बिल अँपियरांवर नसून युनिटांवर आकारलें जातें, आणि युनिटें या डब्यानें उतरत नाहींत. वर सांगितलेली लुकलुकींची परीक्षा विक्रेत्यासमोर करून पाहिल्यास निकाल तेथल्या तेथें लागेल.

गळतीची परीक्षा

पाटास भगदाड पडलें तर आपण तें लगेच बुजवितों; विजेची गळती मात्र वर्षानुवर्षें चालते. एके दिवशीं घरांतील प्रत्येक यंत्राचें बटन बंद करावें, पण मुख्य स्विच चालू ठेवावा, आणि पंधरा मिनिटें मीटरजवळ उभें राहावें. लुकलुक होत राहिली तर एखादें यंत्र विसरलें आहे, इन्व्हर्टर आपली बॅटरी भरीत आहे, अथवा ओल्या भिंतींतून किंवा जुन्या तारेंतून वीज जमिनींत जात आहे. शेवटचा प्रकार पैशापेक्षां जिवाच्या दृष्टीनें अधिक घातक होय. विशेषतः गोठा व न्हाणीघर येथें. तत्काळ जाणत्या तारमिस्त्र्यास बोलवावें आणि गळती होतांच वीज तोडणारें स्वयंचलित स्विच बसवून घ्यावें. मुख्य स्विचहि बंद केल्यावर मीटर लुकलुकत असेल तर दोष मीटरमध्यें किंवा स्विचाच्या अलीकडील तारेंत आहे. वीज कंपनीकडे लेखी अर्ज करून तपासणी मागावी. मीटरचें सील तोडून आंत पाहण्याचा मोह कोणीहि धरूं नये. तो गुन्हाहि आहे आणि जिवाशीं खेळहि.

वहीची संवय

आमची वाचकांस अशी सूचना आहे कीं, मीटरजवळ खिळ्यास एक लहान वही टांगावी आणि महिनाभर रोज सकाळीं एकाच वेळीं मीटरवरील युनिटांचा आंकडा तींत लिहावा. मीटरच्या पडद्यावर व्होल्ट, अँपियर इत्यादि आंकडे एकामागून एक येतात, त्यांतील के. डब्ल्यू. एच. हीं अक्षरें असलेला आंकडा घ्यावा. समोर त्या दिवशींची विशेष गोष्ट, पाहुणे आले, इस्तरी केली, दिवसभर वीज नव्हती, अशी एका ओळींत टिपावी. महिन्याअखेर बिलावरील वाचन या वहीशीं ताडून पाहावें. वाचन न घेतां सरासरीनें बिल आलें असल्यास तें ताबडतोब उघडकीस येईल, आणि तक्रार करतांना हातांत तारीखवार पुरावा असेल.

हें काम घरांतील शाळकरी मुलामुलींकडे सोंपवावें. त्यांस गुणाकार-भागाकाराचा सराव होईल, आणि वडीलधाऱ्यांनीं कोणावर रागें भरण्याचें कारण उरणार नाहीं. ज्या सभासदांनीं असें महिन्याचें टिपण ठेविलें असेल त्यांनीं तें मासिकाकडे अवश्य पाठवावें. निरनिराळ्या गांवचीं, निरनिराळ्या ऋतूंतील टिपणें एकत्र छापतां आलीं तर नवें यंत्र घेण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या सांगण्यावर किंवा दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबून राहण्याची आपणांस गरज पडणार नाहीं.